पूनमने सांगितलेले आकडे

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, पण मन हलकं करायचंय म्हणून नव्हे — तसलं काही नको मला. आणि ऐकताना चुकचुक करू नका. माझ्यावर कुणी चुकचुकलेलं मला खपत नाही.

मी प्राथमिक शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी हयात गेली. घर कळंबला, आणि गावात मान — गुरुजी म्हटल्याशिवाय कुणी हाक मारत नसे. माझी एकुलती एक मुलगी पूनम. आठवीत गेली आणि तिनं शाळेचा धसका घेतला. सकाळी दप्तर भरायची, उंबऱ्यापाशी आली की पोटात कळ, घाम, ओकारी. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की हातपाय गार. तिच्या आईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मी दोनदा हात उचलला — हो, उचलला, तेही ऐकून ठेवा. कशानंच फरक पडेना.

शेवटी पुण्याला एका डॉक्टर मॅडमना दाखवलं. २००८ च्या आसपासची गोष्ट. त्या म्हणाल्या, पोरीच्या डोक्यात बिघाड नाही, भीतीचा आजार आहे, बरा होतो. दर आठवड्याला पुण्याला येणं जमणार नसेल तर कॉम्प्युटरवरून उपचार होतील. दर आठवड्याला एक धडा उघडणार. भीती वाटते तेव्हा मनात काय येतं ते पोरीनं लिहायचं, ते खरं आहे का तपासायचं, आणि मग ज्याची भीती त्याच्याकडे पायरीपायरीनं जायचं. प्रत्येक पायरीला भीती किती — शून्य ते दहा, आकडा सांगायचा. तो बघून मॅडम पुढची पायरी ठरवणार. ‘आकडा तिचाच हवा, गुरुजी,’ असं त्यांनी मला बजावलं होतं. विसरलो असं म्हणायलासुद्धा जागा नाही.

इंटरनेट तेव्हा मंचरला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एस.टी. स्टँडजवळच्या कॅफेत जायचो, धडा छापून आणायचो. इंग्रजीतला धडा मराठीत करून पूनमला सांगायचो. ती वहीत उत्तरं लिहायची आणि पुढच्या शनिवारी मी ती मॅडमना पाठवायचो. पोरीला बरोबर का नाही नेलं? अहो, मंचरच्या बाजाराला अख्खा तालुका येतो! गुरुजींच्या पोरीवर मनाचे उपचार चालू आहेत हे एकाला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत सोयऱ्याधायऱ्यांत पोचलं असतं. उद्या तिच्या लग्नाला कोण उभं राहिलं असतं? मी भीत होतो. बाप भीत होता आणि इलाज पोरीवर चालला होता.

पहिली पायरी — एकटीनं किराणा दुकानात जायचं आणि मोठ्यानं मिठाचा पुडा मागायचा. पूनम दुकानापर्यंत गेली आणि तशीच परत आली. वहीत लिहिलं, ‘जमलं नाही. भीती नऊ.’

मी मॅडमना कळवलं, जमलं. भीती सात.

का? आता हे नीट ऐका. आम्हा मास्तर लोकांना एक सवय असते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आम्ही महिन्याभराच्या पाठांची टाचणं एका बैठकीत लिहितो. पोरांची वजनं काट्याशिवाय भरतो, आणि प्रत्येकाचं थोडं वाढलेलं दाखवतो. रेकॉर्ड नेटकं असलं की साहेब खूश, शाळा चांगली, गुरुजी चांगले. पंचवीस वर्षं हेच केलेलं. त्या पडद्यावर रिकामी चौकट दिसली आणि माझा हात आपोआप चालला. नऊ कसा लिहू? नऊ म्हणजे माझ्याच घरात नापास!

भीती उतरेपर्यंत तीच पायरी पुन्हा करायची होती. पुढच्या आठवड्यात सहा लिहिला. मग पाच. आणि चौथ्या आठवड्यात — हे मला सगळ्यात जास्त लागतं — ती खरंच दुकानात गेली. पुडा घेऊन आली, घामानं भिजलेली, पण हसत. वहीत आकडा आठ. तिनं कमावलेला, खरा आठ. लागू पडत होतं हो, हळूहळू लागू पडत होतं! मी तीन लिहिला.

मॅडमचं उत्तर आलं, छान प्रगती, आता वर्गासमोर एक धडा वाचू दे. मधल्या पायऱ्या माझ्या आकड्यांनी खाऊन टाकल्या होत्या. पूनमनं मला एकच विचारलं, ‘नाना, मॅडमला म्हाईत हाय ना, मला अजून आठ हाय?’

मी म्हणालो, ‘म्हाईत हाय. त्यांनीच सांगितलंय.’

ती गेली. मॅडमवर भरवसा ठेवून गेली. उभी राहिली, तोंडातून शब्द फुटेना, आणि सगळ्या वर्गासमोर पुस्तकावर ओकली. पोरं हसली. दप्तर तिथंच टाकून ती पळत घरी आली आणि गोठ्यात जाऊन बसली. त्यानंतर शाळेत गेली नाही ती नाहीच.

मी मॅडमना घडलं ते कळवलं. तेवढं मात्र खरं कळवलं. त्यांनी उलट विचारलं — गुरुजी, आकडे पूनमनंच दिले होते ना? मधे काही राहिलं असेल तर सांगा, रागावणार नाही, पहिल्यापासून पुन्हा सुरू करू.

आता म्हणा काय म्हणायचं ते. तोवर मी सवयीचा गुलाम होतो, अडाणी होतो, काय वाटेल ते म्हणा. पण त्या शनिवारी समोर सरळ प्रश्न होता, पोरीचं बरं होणं माझ्या एका ओळीवर होतं, आणि मी पूर्ण शुद्धीत होतो. मी लिहिलं, ‘आकडे तिचेच आहेत.’ एका बाईपुढे गुरुजी खोटे ठरायला नकोत, एवढंच डोक्यात होतं.

मॅडमनी कळवलं, मग हा उपचार तिला मानवत नसावा, थांबवू या. तो कागद मी घरी आणला आणि पूनमला वाचून दाखवला. ती नखानं चटई खरवडत राहिली. मग म्हणाली, ‘मी तर समदं खरं लिव्हलं व्हतं, नाना. म्हंजी माझ्यातच खोट हाय.’

मी तिच्यासमोर हातभर अंतरावर बसलो होतो. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि जेवायला वाढ म्हणालो.