पहिला घोट उस्तादचा

माझा मामा लिफ्टवाला. चालवणारा नव्हे, बसवणारा. हा फरक त्याने मला मी शाळेत असताना समजावून सांगितला होता, आणि अजूनही मी मुद्दाम चुकले तर दिवसभर तोंड फुगवून बसतो. इमारत उभी राहिली की तिच्या पोटात जी उंच पोकळी सोडलेली असते, तिच्यात मामा शिरतो. भिंतींना रूळ ठोकतो, गच्चीवरच्या खोलीत मोटर बसवतो, दोर सोडतो, आणि काही आठवड्यांनी माणसं बटण दाबून वरखाली जायला लागतात. त्याच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. मामी घरातल्या गळक्या नळावरून रोज ठेवते, पण तो वेगळा विषय.

मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा मला मामाची दुसरी बाजू कळली. वरच्या मजल्याशी, पोकळीत एका फळीवर उभा राहून हा माणूस शीळ घालतो. आणि घरी फोन वाजला की त्याचे हात गार पडतात. मामी भाजी आणायला गेली आणि जरा उशीर झाला की हा खिडकी ते दार येरझाऱ्या घालणार. छातीत धडधड, घसा कोरडा, जीव कासावीस. "काय झालं मामा?" म्हणून विचारलं तर म्हणायचा, "काही झालं नाही गं, तेच तर. काही झालेलं नसताना असं होतं."

त्यावर वर्षानुवर्षं त्याचा एकच उपाय होता, संध्याकाळी रमचे दोन पेग. मग धडधड थांबायची, मामा विनोद सांगायचा, झोपही लागायची. सकाळी तीच धडधड दामदुपटीने हजर. शेवटी मामीने त्याला डॉक्टरबाईंकडे जवळजवळ उचलून नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आजाराला 'चिंतेचा आजार' असं साधं नाव दिलं, रोजची गोळी दिली आणि बजावलं की हिच्यासोबत दारू अजिबात नाही. मामाने मान डोलावली. मामाची मान फार चांगली डोलते.

त्याच आठवड्यात त्याने गोळी घेतली आणि वर पेगही घेतले. जेवणाआधीच तो खुर्चीत असा झोपला की मी हाका मारल्या, मामीने गालावर चापट्या मारल्या, तरी डोळे उघडेनात. श्वास चालू होता, पण इतका सावकाश की प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतोय की नाही म्हणून आम्ही दोघी वाट बघत होतो. रुग्णवाहिका आली, तेव्हा कुठे त्याने एक डोळा उघडला आणि विचारलं, "कुणाची लिफ्ट अडकली?" मामी हसली आणि त्याच दमात रडली. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती, पुन्हा पाहायचीही नाही.

आता कुणालाही वाटेल, माणूस शहाणा झाला. झाला ना, पण लिफ्टवाल्याच्या पद्धतीने.

लिफ्टचं दार उघडं असलं की मोटर फिरत नाही आणि मोटर फिरत असली की दार उघडत नाही. दोन्ही एकदम होऊच शकत नाही, अशी सोय आतच केलेली असते. मामाने हीच सोय स्वतःला बसवली. ज्या दिवशी पेग, त्या दिवशी गोळी नाही. ज्या दिवशी गोळी, त्या दिवशी पेग नाही. "दोन्ही एकत्र कुठे येतायत?" असं तो आरशासमोर दाढी करताना मला पटवून देत होता, फेस लावलेल्या तोंडाने, अगदी खुशीत. मलाही क्षणभर पटलं, इतकं तो छान सांगतो.

पेगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामावरून घरी आला तो थेट मोरीत जाऊन पायात बूट तसेच ठेवून फरशीवर बसला. आपलं हृदय बंद पडतंय याची त्याला खात्री होती. मामीने त्याला बखोटीला धरून पुन्हा डॉक्टरबाईंपुढे उभा केला. त्याने दाराची आणि मोटरची गोष्ट त्यांनाही ऐकवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हसू दाबलं आणि म्हणाल्या, "छान आहे. फक्त तुमचं अंग लिफ्ट नाही. आजची गोळी चुकवली म्हणून कालची अंगातून निघून जात नाही, म्हणजे दोन्ही एकत्र येतातच. आणि चुकवली की आजार डोकं वर काढतो. दोन्हीकडून तुम्हीच मार खाताय."

"मग?"

"मग गोळी रोज. दारू नाही. आणि गोळी कधी थांबवायची ते मी सांगेन, तुम्ही नाही."

मामाला रम सुटायचं दुःख नव्हतं. अडचण वेगळीच होती, आणि ती मामीलाही ठाऊक होती.

मामाच्या टोळीत तिघे. मामा, ज्याला ते उस्ताद म्हणतात. दुसरा पाना, उंच, जबडा कायम उघडा, म्हणून हे नाव. तिसरा रेडिओ, जो बोलत नाही. म्हणजे मुका नाही, बोलत नाही. लिफ्ट तपासणीत पास झाली की तिघांनी गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत बसायचं, थर्मासच्या झाकणात रम ओतायची आणि पहिला घोट उस्तादने घ्यायचा. त्याशिवाय लिफ्ट 'आपली' होत नाही. आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. आणि त्या गच्चीवर मोटरचा ब्रेक मामाच्या हातात असतो, तेव्हा खाली लिफ्टच्या टपावर पाना उभा असतो. "डोक्याची गोळी खाणाऱ्याच्या हातात कोण जीव देईल?" मामा मला म्हणाला. "ते काही बोलणार नाहीत गं. फक्त पुढच्या वेळी ब्रेक दुसऱ्याच्या हातात देतील." एवढं काम गेलं असतं, तर मामा घरात किती उरला असता, ते मला माहीत आहे.

पुढची लिफ्ट एका वाचनालयाची होती. पास झाली त्या संध्याकाळी मामीने जाहीर केलं की आम्हीही येणार, उकडलेली अंडी आणि खारे शेंगदाणे घेऊन. खरं म्हणजे तिला पहारा करायचा होता. आम्ही नव्या लिफ्टने वर गेलो. मोटरच्या खोलीत ग्रीसचा वास, तिघे उलट्या बादल्यांवर बसलेले. पानाने बाटलीचं बूच फिरवलं.

"थांब," मामा म्हणाला. त्याचे हात गार पडले असणार, कारण तो ते मांडीवर घासत होता. "मी घेणार नाही. आज नाही, पुढेही नाही. मी गोळ्या घेतो. धडधडीच्या. चिंतेच्या."

कुणीच बोललं नाही. रेडिओ तर नाहीच.

"मला आधी वाटलं होतं, गोळी म्हणजे दार," मामा पुढे बोलला. "कधी उघडं, कधी बंद. तसं नाही रे. ते दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन आहे. आत बसलेल्याला कधी दिसत नाही, पण ते आहे म्हणून लिफ्ट जागेवर राहते. एक दिवस काढून बघ, काय होतं ते."

पानाने बूच परत लावलं. जबडा मिटवला, मी पहिल्यांदाच मिटलेला पाहिला. "आजची घेतलीस?"

"घेतली."

"मग ऊठ. माझी बॅटरी टपावर राहिली. वीज बंद कर, मला हाताने एक मजला उतरव, तिथे दारातून बाहेर पडतो."

बॅटरी त्याच्या खिशातच होती, अर्धी बाहेर आलेली. मला दिसत होती, मामालाही दिसत असणार. पाना खोलीच्या मागच्या लहान दाराने पोकळीत उतरून टपावर उभा राहिला. मामाने वीज तोडली आणि ब्रेकचा दांडा धरला. रेडिओ मोटरच्या मोठ्या चाकाशी गेला. रिकामी लिफ्ट पलीकडच्या वजनामुळे वर जाऊ बघते, तिला खाली न्यायला जोर लावावा लागतो. मामा हळूच ब्रेक सोडायचा, रेडिओ चाक फिरवायचा, मामा पुन्हा आवळायचा. तीळभर धक्का नाही. खालून पानाचा आवाज आला, "वहिनी, अंडी संपवू नका हं," आणि मग तो बेसूर गाऊ लागला. पोकळीत घुमून ते आणखीच बेसूर झालं. मामी पदराने नाक पुसत हसत होती. मामाचा हात अजिबात थरथरत नव्हता.

पाना जिन्याने वर आला, त्याने झाकणात कोपऱ्यातल्या माठातलं गार पाणी ओतलं आणि मामापुढे धरलं. "नियम घोटाचा आहे. कशाचा, ते कुणी ठरवलंय?" मामाने घोट घेतला. लिफ्ट आपली झाली. बाटली पाना घरी घेऊन गेला. तो काही साधुसंत नाही.

गोळ्या लागू पडायला वेळ लागला, पण पडल्या. हल्ली फोन वाजला तर मामा उचलतो, कधी कधी माझाही. धडधड अधूनमधून येते, तेव्हा तो हात मांडीवर घासतो आणि ती जाईपर्यंत मला लिफ्टबद्दल काहीतरी शिकवतो. मी शिकते, काय करणार.

परवा त्याचा डबा घरी राहिला म्हणून मी सकाळी कामावर नेऊन दिला. मामा पट्टा बांधत होता, पाना टपाकडे निघाला होता. रेडिओ चाकाशी उभा होता. त्याने मामाकडे पाहिलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला, बारीक, शाळेतल्या पोरासारखा.

"उस्ताद, आजची घेतली?"

"घेतली," मामा म्हणाला. रेडिओने मान हलवली आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. पाना म्हणाला, रोज सकाळी विचारतो, दिवसभरात तेवढंच बोलतो.