आठवं बटण

त्याने माझं बोट धरलं आणि कीबोर्डवरच्या टॅबवर ठेवलं. न विचारता. लहान मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात, तसं. "एक," तो म्हणाला आणि माझं बोट दाबलं. "दोन. तीन." असं आठपर्यंत. "आठव्याला थांब. एंटर मार. झालं बुकिंग. सिंपल आहे ना?"

खोलीत अजून चौघं होती. कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नसेल. पण हसलं.

मला जन्मापासून दिसत नाही. तेव्हा मी परळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर होते. डेव्हलपर, बरं का. आणि ज्या वेबसाइटवर तो मला बोट धरून चालवत होता, तिची बटणं मीच बांधली होती.

एका दवाखान्यांच्या साखळीसाठी अपॉइंटमेंट घ्यायची साइट होती. प्रत्येक पानावर वेगळं बटण करत बसण्यापेक्षा एकच पक्का साचा करायचा आणि सगळीकडे तोच वापरायचा, हे काम माझ्याकडे होतं. चार महिने घातले मी त्यात. रंग तुमचा, आकार तुमचा, कोपरे गोल हवेत की चौकोनी ती तुमची मर्जी. दोनच गोष्टींना हात लावायचा नाही. कीबोर्डवर टॅब दाबत एकेका बटणावर आलं की त्याच्याभोवती ठळक कडा दिसली पाहिजे. आणि प्रत्येक बटणाला नाव दिलंच पाहिजे, कारण आमचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते नाव बोलतो. नाव दिलं नाही तर साचा अडून बसायचा, पुढे जायचाच नाही. तो हट्टीपणा मी मुद्दाम घातला होता. मला माणसं माहीत होती.

बोट धरणारा तो निखिल. आमचा टीम लीड. दादरचा, माझ्याच वयाचा, बोलायला गोड. डिझायनरला ती कडा घाणेरडी वाटली आणि निखिलला नावांची कटकट वाटली. डेडलाइन डोक्यावर होती. त्याने माझ्या साच्याची कॉपी घेतली, दोन्ही गोष्टी काढून टाकल्या आणि तीच साइटभर लावली. मला कुणी सांगितलं नाही. एका सकाळी साइट उघडली, टॅब दाबत गेले, आणि कानात येत गेलं: बटण. बटण. बटण. बटण. माझी आई हिंदमाताला साड्यांना फॉल-पिको करते. ती म्हणाली असती, वरून साडी झकास, आतून फॉल उसवलेला.

मी निखिलकडे गेले. तो म्हणाला, "फेज टूमध्ये करू ना. असे किती ब्लाइंड युझर येणारेत? बी प्रॅक्टिकल, यार."

हे मला. माझ्या तोंडावर.

साइटच्या चाचणीला मी गिरगावच्या एका काकांना बोलावलं. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, माझ्यासारखेच अंध. शाळेत असताना त्यांनीच मला ब्रेल शिकवलं. आयुष्यभर अख्ख्या ऑफिसच्या लाइनी कानांवर सांभाळलेला माणूस. त्या पानावर आठवं बटण वेळ पक्की करायचं आणि नववं रद्द. ऐकायला दोन्ही नुसतं 'बटण'. काकांनी वेळ घेतली, पण दाबलं गेलं नववं, ती रद्द झाली. पुन्हा घेतली, पुन्हा रद्द. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माझंच चुकलं गं पोरी. वय झालं."

मला आतून जाळून गेलं ते वाक्य. कारण ते माझंच होतं. बँकेत, कॉलेजच्या ऑनलाइन फॉर्मसमोर, प्रत्येक ठिकाणी मी हेच म्हणत आले होते. सॉरी हं, माझंच चुकलं. चूक दुसऱ्याची आणि माफी आमची. चाचणीच्या अहवालात मी सगळं लिहिलं. निखिलने ते खोडून तिथे दोन शब्द टाकले: 'युझर एरर.'

एवढं होऊन आता दवाखान्यांच्या लोकांसमोर डेमो होता. अंध माणसाला साइट वापरता आली पाहिजे, अशी दवाखान्यांची अट होती. म्हणून मला बसवायचं. हेडफोन मी लावायचे, म्हणजे स्क्रीन रीडर काय बोलतो ते फक्त मला ऐकू येणार. बाकीच्यांना दिसणार अंध मुलगी, भरभर चालणारी बोटं आणि झालेलं बुकिंग.

लपवत नाही. मी हो म्हटलं. तीनदा तालीम केली; त्याने बोट धरलं ते पहिल्या तालमीला. मला ती छान जमली, याचीच लाज वाटते. मोजण्यात मी लहानपणापासून पटाईत. लालबागला आमच्या चाळीत खोलीपासून नळापर्यंत एकवीस पावलं, जिन्याला चौदा पायऱ्या. जिथे काही खूण नसते तिथे आम्ही मोजतो. तिसऱ्या तालमीनंतर निखिलने टाळी वाजवली, "रॉकस्टार" म्हणाला. आणि मला बरं वाटलं. हो, वाटलं.

घरी आईला सांगितलं. तिचं मशीन थांबलं नाही. "गो बाय, नोकरी हा," ती तिच्या गावच्या बोलीत म्हणाली. "तोंड सांभाळ." तिचंही खोटं नव्हतं. घर माझ्याच पगारावर चालत होतं.

डेमोच्या दिवशी दवाखान्यांकडून साइट बघायला आलेल्या मॅडम माझ्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. निखिलने माझी ओळख करून दिली. "ही आमची इन्स्पिरेशन." नाव सांगितलं नाही.

मी सुरुवात केली. एक. दोन. तीन. बोटं आपोआप चालत होती. सातव्याला काकांचा आवाज आठवला आणि बोट थांबलं. मी हेडफोनची वायर ओढून काढली आणि पहिल्यापासून पुन्हा टॅब दाबायला लागले. आता आवाज खोलीभर. बटण. बटण. बटण. बटण. बटण. बटण. बटण. बटण. बटण.

"अगं, काय करतेयस तू?" निखिल दबक्या आवाजात म्हणाला.

मी शेजारच्या खुर्चीकडे वळले. "मॅडम," मी म्हटलं, "यातलं वेळ पक्की करणारं कुठलं आणि रद्द करणारं कुठलं, स्क्रीनकडे न बघता सांगा."

"परत ऐकवा," त्या म्हणाल्या. मी ऐकवलं. "नाही कळत," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही कळत. माझ्याकडून पाठ करून घेतलंय."

टाळ्याबिळ्या काही वाजल्या नाहीत. मॅडम "कळवतो" म्हणून निघून गेल्या. दुपारी एचआरने बोलावलं. मॅडमना माफीचा मेल पाठवायचा होता. डेमोत माझ्याकडून चूक झाली, त्यातून गैरसमज झाला, सॉरी. मसुदा तयार होता, मी फक्त पाठवायचा. तो मेल मात्र माझ्या स्क्रीन रीडरने शब्द न शब्द नीट वाचला.

मी तो पुसला आणि माझा लिहिला. पान कुठलं, बटण कितवं, त्याचं नाव काय असायला हवं होतं, ते कुणी काढलं. काकांच्या तीनही प्रयत्नांत काय झालं, तेही. खाली माझं पूर्ण नाव. मॅडमना, एचआरला, निखिलला, सगळ्यांना पाठवला.

पंधरा दिवसांत नोकरी गेली. 'टीममध्ये बसत नाही' असं कारण दिलं. साइटचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला भीती वाटते, रोज वाटते. इंटरव्ह्यूला जाते तिथे विचारतात, आधीची नोकरी का सुटली. मी सगळं सांगते. समोरची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो, तरी पुरतं सांगते.

काम द्या, करेन. नाव नसेल तर अडून बसणारं बटण पुन्हा बांधेन, तस्संच. पण माझं बोट कुणी धरलं तर हात सोडवून घेईन. आणि मोजणार नाही.