नानांनी मरू दिलेल्या वेली

श्री. त्र्यंबकराव महाजन यांना मी प्रथम पाहिले ते धुळ्याच्या एका शाळेच्या सभागृहात, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात. वनस्पतींच्या रोगांवरचे शिक्षण पुरे करून मी नुकतीच पुण्याहून आले होते आणि सूक्ष्मदर्शकातून रोगट पाने दाखवण्यासाठी मला तिथे बोलावले होते. माझ्या आधी त्र्यंबकराव बोलायला उभे राहिले. द्राक्षांच्या लागवडीवर ते काही सांगतील असे वाटले होते. त्यांनी समोर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याकडे पाहून एवढेच म्हटले, "देवराम आबांचा मळा रोगाने गेला असं सगळे म्हणतात. तो माझ्या सल्ल्याने गेला. पानावर पांढरं दिसलं म्हणून मी भुरी समजलो आणि गंधक मारायला सांगितलं. ती भुरी नव्हती."

देवराम आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "गंधक बठ्ठं मारं, नाना. पानं गळी गयात. आते हाई सांगीसन काय उपेग शे?"

त्र्यंबकराव म्हणाले, "तुम्हाला नाही. बाकीच्यांना आहे."

त्यानंतर माझी पाळी होती. मी दोन काचा शेजारी ठेवून फरक दाखवला. भुरी पानाच्या वरच्या बाजूला असते आणि बोटाने पुसली जाते. दुसऱ्या रोगाचे पांढरे पानाच्या खाली उगवते, त्याला गंधक काहीच करत नाही, मोरचूद आणि चुन्याचे पाणी लागते. त्र्यंबकराव रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "बाई, हे यंत्र मळ्यात आणता येईल का?" मी येईल म्हटले. अशा रीतीने पांझरेच्या काठच्या त्यांच्या मळ्यात माझे काम सुरू झाले. सगळे त्यांना नाना म्हणत. पुढे मीही म्हणू लागले.

नानांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या द्राक्षविद्येच्या शब्दसंग्रहावर लिहावे, असे ग्रंथाच्या संपादक मंडळाने मला कळवले आहे. त्या संग्रहाविषयी लिहायचे तर तो कुठून आला हे आधी सांगितले पाहिजे.

शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एक इटालियन पाद्री राहत असत. प्रार्थनेसाठी लागणारा द्राक्षरस ते स्वतः आंबवत आणि त्यासाठी आपल्या गावाकडच्या जातींच्या वेली त्यांनी लावल्या होत्या. तरुणपणी एरंडोलहून कापसाच्या कामासाठी त्या बाजूला जाताना नानांची त्यांच्याशी ओळख झाली. नानांनी त्यांच्याकडून काड्या आणून आपल्या मळ्यात लावल्या आणि काड्यांबरोबर शब्दही घेतले. छाटणीला पोतातुरा, फुटीच्या जागेला ओक्यो, म्हणजे डोळा. त्याला आपणही डोळाच म्हणतो हे कळल्यावर नानांना फार आनंद झाला होता, असे त्यांच्या पत्नी अक्का सांगतात. दुसरे महायुद्ध सुरू झाले, इटली त्यात उतरली आणि पाद्रीबाबांना शत्रूदेशाचे म्हणून पोलिसांनी नेले. नाना भुसावळच्या फलाटापर्यंत गेले. गाडीत बसताना पाद्रीबाबांनी त्यांना सांगितले, "माझ्या वेली आता पाण्यावाचून जाणार. तुझ्या राख." नानांनी राखतो म्हटले. डोंगराकडच्या वेली पुढच्याच उन्हाळ्यात वाळल्या. त्या जातींच्या नानांकडे होत्या तेवढ्याच उरल्या.

नानांचा संग्रह करण्याचा एक नियम होता, आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. पाद्रीबाबांनी दिलेल्या द्राक्षशेतीच्या इटालियन पुस्तकात शब्द आहे म्हणून तो संग्रहात येत नसे. ती गोष्ट स्वतःच्या मळ्यात, स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की मगच तिला मराठी शब्द मिळे, आणि तोही आधी शेजारच्या शेतकऱ्यांसमोर बोलून पाहिलेला. छाटल्यावर काडीच्या टोकातून पाणी गळते, त्याला इटालियनमध्ये पियांतो, म्हणजे रडणे, म्हणतात. मला तो शब्द सुंदर वाटला. नाना म्हणाले, "वेलीला रडायला लावू नका. पाणी पाझरतं एवढंच खरं." संग्रहात 'पाझर' लिहिले गेले. मुख्य काडीच्या बगलेतून जी निरुपयोगी फूट येते आणि खुडून टाकतात, तिच्या इटालियन नावाचा अर्थ 'लहानशी बाई' असा होतो. नानांनी तो अर्थ वाचला, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बगलफूट लिहा," आणि पान उलटले.

नानांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नाही, पण मद्याचे शब्दही त्यांनी त्याच काटेकोरपणे घेतले. त्यासाठी द्राक्षांचा रस मडक्यात आंबवून ते दिवसेंदिवस पाहत बसत. रस फसफसू लागला की साली आणि चोथा वर चढतो. त्याला मळी म्हणावे असे गुऱ्हाळवाल्यांनी सुचवले. नानांनी ते नाकारले, कारण मळी काढून टाकतात आणि हा थर पुन्हा रसात दाबायचा असतो. 'वरचोथा' ठरले. खाली बसतो तो साका. या कामामुळे गावात चेष्टा होत असे. धोंडूभाऊ नावाचे शेजारचे तरुण शेतकरी बांधावरून ओरडत, "नाना, दारूनी पोथी कधी पुरी होई? पारायणले आम्हले बलावा!" नाना उत्तर देत, "पारायणाला कोरड्या घशाने बसावं लागेल, धोंडू."

मला त्या धोंडूभाऊंनी 'पानस्नी डाक्तरीन' असे नाव ठेवले होते. एकट्या बाईला धुळ्यात जागा मिळत नव्हती, तेव्हा अक्कांनी आपल्या घराची मागची खोली रिकामी करून दिली. नानांनी याचा उल्लेख कधी केला नाही. एकदा एक अधिकारी मळा पाहायला आले. काचेवरचे बीजाणू कसले, असे त्यांनी मला ओलांडून नानांना विचारले. नाना म्हणाले, "मी नुसता पाहतो. ओळखतात त्या बाई. त्यांना विचारा." अधिकाऱ्यांना विचारावे लागले. माझ्या शिक्षणाचा मान नानांनी या पद्धतीने राखला, भाषण करून नव्हे.

आता मुख्य गोष्ट. युद्धाच्या अखेरच्या काळात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवेळी ढग आले आणि हटेनात. सकाळी पाने ओली, दुपारी दमट. हा रोगाचाच काळ होता. धोंडूभाऊ आणि त्यांच्या दोन भावांनी नानांचे पाहून भोकरी जातीच्या द्राक्षाचे मळे लावले होते आणि ते पहिल्याच मोठ्या बहरावर होते. मोरचूद मिळत नव्हते. ते तांब्यापासून होते आणि तांबे सगळे युद्धाकडे जात होते. जळगावच्या व्यापाऱ्याकडून नानांनी मोठ्या मिनतवारीने एक पोते मिळवले. ते एक तर नानांच्या मळ्याला पुरले असते, नाहीतर तिघा भावांच्या मळ्यांना.

तिघे भाऊ नानांच्या पडवीत येऊन बसले. मी तिथेच काम करत होते. नानांनी पोते त्यांच्यासमोर ठेवले.

धोंडूभाऊ म्हणाले, "आन तुम्हना पाद्रीना वेल? त्या मरी जातीन, नाना."

"जातील."

"मंग आम्हले कसाले देतस? तुम्ही त्यास्ले शबद दियेल शे, बठ्ठा गावले ठाऊक शे."

मी मध्ये बोलले. अर्धे अर्धे करावे असे सुचवले. नानांनी मला विचारले, "बाई, अर्ध्या औषधाने काय होतं?"

"दोन्हीकडे रोग राहतो."

"मग?"

नाना धोंडूभाऊंना म्हणाले, "आबांना मी गंधक दिलं होतं. ते कमी पडलं नव्हतं, चुकीचं होतं. आता बरोबर काय ते मला माहीत आहे, आणि ते घरात ठेवून तुमचे मळे जाताना पाहू? उचला पोतं. ढग थांबायचे नाहीत." अक्का आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन एवढेच म्हणाल्या, "चुना आपल्याकडचाच न्या. चांगला आहे."

भावांच्या मळ्यांत फवारणी झाली. नानांच्या मळ्यात झाली नाही. पोते दिल्यावर नानांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला अधिक कठीण वाटते. त्यांनी तिघा भावांना आणि आसपासच्या ज्यांना यायचे त्यांना रोज सकाळी आपल्या मळ्यात येण्यास सांगितले.

धोंडूभाऊंनी विचारले, "मढं दखाले बलावतस का, नाना?"

"होय. पुढच्या वेळी जिवंतपणी ओळखता यावं म्हणून."

लोक आले. पहिल्यांदा पानांवर तेलाचा थेंब पडून पसरावा तसे फिकट पिवळे डाग दिसले. इटालियन पुस्तकात त्यांना तेलाचा डागच म्हटले होते. नानांनी तो शब्द इतकी वर्षे बाहेर ठेवला होता, कारण आबांच्या मळ्यात हे डाग आले तेव्हा नानांची स्वतःची नजर त्यांवर ठरली नव्हती. त्या दिवशी 'तेलडाग' संग्रहात आला. मग नानांनी प्रत्येकाला पान उलटून पाहायला लावले. डागाच्या बरोबर खाली पांढरी बुरशी उगवली होती. एकाने बोटाने पुसून पाहिली. "नाही पुसली जात," नाना म्हणाले, "आबांच्या मळ्यात हेच मी पुसून पाहिलं नाही." बाजरीवरचा केवडा तिथे सगळ्यांना ठाऊक होता. रोगाला तेच नाव द्यावे असे धोंडूभाऊंनीच सुचवले. नानांनी मला विचारले, मी दोन्ही बुरश्या एकाच कुळातल्या असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी ते मान्य केले. पुढे घडांवर रोग गेला. कोवळे मणी राखी रंगाचे झाले. जे मोठे झाले होते त्यांवर पांढरे काहीच दिसेना. ते तपकिरी झाले, आत बसले आणि चामड्यासारखे झाले. इटालियन लोक याला मुखवटा घातलेला रोग म्हणतात. नानांनी 'चामडी मणी' लिहिले, कारण बांधावरून ओळखायचे तर चामडे दिसते, मुखवटा दिसत नाही.

रोज सकाळी नाना तेच बोलत आणि तेच दाखवत. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. पाने गळाली. काड्या काळ्या पडल्या. सालभर थांबून पाहू, काही खुंट फुटतील, असे मी सुचवले. पण रोगाचे बीज गळलेल्या पानांत आणि काड्यांत राहते हे मीच त्यांना शिकवले होते. त्यांनी सगळ्या वेली मुळासकट काढून बांधावर जाळल्या. भावांचे मळे वाचले.

युद्ध संपल्यावर पाद्रीबाबा सुटले. मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी मुंबईला जाताना ते धुळ्याला उतरले. फार थकले होते. नाना त्यांना मळ्यात घेऊन गेले. जिथे वेली होत्या तिथे दादर ज्वारी उभी होती. नाना म्हणाले, "मला वेली राखता आल्या नाहीत."

पाद्रीबाबांनी विचारले, "औषध नव्हतं?"

"होतं. दुसऱ्यांना दिलं."

बरे केलेस, असे पाद्रीबाबा म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. ते त्या दादरीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी पाणी मागितले. त्याच दिवशी ते गेले. त्यांना निरोप देऊन परत येताना नानांनी मला विचारले, "औषध मिळालंच नाही असं सांगता आलं असतं, नाही का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "त्यांना बरं वाटलं असतं." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

या ग्रंथासाठी मी देवराम आबांना भेटले. त्यांनी लिहिण्यास नकार दिला. त्यांनी द्राक्ष पुन्हा लावले नाही आणि नानांच्या दारात ते पुन्हा आले नाहीत. हे नानांना सांगावे की नाही याचा मी विचार केला. सांगितले. नाना म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. हे छापा." म्हणून छापले आहे.

नानांनी पेरलेले पाहायचे तर आज त्यांच्या मळ्यात द्राक्षाची एक काडीही नाही. शेजारच्या मळ्यांत मात्र ढग आले की शेतकरी पान उलटून पाहतात, बोटाने पुसून पाहतात आणि मग औषध ठरवतात. ते करताना ते नानांचे नाव घेत नाहीत. ते त्यांच्या सवयीचे झाले आहे.

नाना साठ वर्षांचे झाले. आता त्यांची छाती अधू झाली आहे आणि अक्कांना त्याची काळजी वाटते. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही या ग्रंथातील सर्वांची इच्छा आहे आणि माझीही आहे. मी त्यात एकच भर घालते. त्यांनी आजवर जे शिकवले त्यातले बरेचसे त्यांना मरणाऱ्या वेलींवरून शिकवावे लागले. पुढच्या वर्षांत त्यांच्यापुढे जिवंत वेली असाव्यात.