गजरामावशींच्या पेशी

तेर गावच्या बसथांब्याजवळ माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. सतरा वर्षं झाली. हजारो लोकांच्या दंडाला रबर बांधलं, पण जिथं खरं सांगायला पाहिजे होतं तिथंच माझी दातखीळ बसली. ती गजरामावशींपुढं.

मावशी आमच्या गल्लीतल्या. चार एकर रान, दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ दाताला तंबाखूची मिश्री, आणि जिभेला हाड म्हणून न्हाय. डेंग्यूच्या साली घरोघर तापाची माणसं होती, तेव्हा मावशींनी परसातली पपईची झाडं बोडकी केली आणि पानांचा कडूजहर रस गल्लीभर पाजला. प्रत्येकाचा रिपोर्ट घ्यायला स्वतः यायच्या. "शिवानंदा, पेशी किती भरल्या रं?" वीस हजारांच्या साठ हजार झाल्या म्हटलं की माझ्या पाठीत असा रट्टा घालायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. पेशी चढल्या की माणूस वाचतो, हे तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मीही मान हलवायचो. डेंग्यूपुरतं ते बरोबरच होतं.

गेल्या दिवाळीनंतर मावशींच्या गालात आतून चट्टा आला. तुकडा तपासला, तर कॅन्सर. सोलापूरच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली, अजून निघण्यासारखं आहे म्हणाले, आणि येताना रक्त तपासून आणा म्हणाले.

रिपोर्ट मीच काढला. पांढऱ्या पेशी चौदा हजार. त्यात न्यूट्रोफिल चौऱ्याऐंशी टक्के, लिंफोसाइट नऊ. प्लेटलेट, म्हणजे मावशींच्या त्या 'पेशी', चार लाख नव्वद हजार. एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिंफोसाइटच्या आकड्यानं भागायचं. दोन-तीन आलं तर ठीक. लई वर गेलं तर अंगात दाह पेटलाय, आणि तोंडाच्या कॅन्सरात अशा माणसांचं पुढं जड जातं. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर गेल्या तरी तेच. मावशींचं उत्तर नवाच्या वर आलं.

"पेशी किती?" मावशींनी विचारलं.

"चार लाख नव्वद हजार."

"अगं बया! राजेश्वरे, ऐकलंस का?" सुनेला हाक मारून त्या पदराआड हसल्या. "डेंगूत एवढ्या कुणाच्या झाल्या व्हत्या का? म्या म्हैनाभर पपईचा पाला पितीय, वाया न्हाय गेला."

मावशी, ह्या आजारात त्या वाढणं वाईट, एवढंच म्हणायचं होतं. लॅबवाल्यानं निदान सांगू नये, डॉक्टर सांगतील, असं मनाशी म्हणून मी कागदाची घडी करून दिली. रट्टा बसलाच. नियम खरा आहे, आणि मी भ्यालो हेही खरं आहे.

डॉक्टरांनी सांगायला मावशी सोलापूरला जायला तर पाहिजेत! गेल्याच न्हाईत. "पेशी चढत्यात आन् गाल कापून घिऊ? येड लागलंय का मला?" तारीख टळली. तेव्हा त्यांचा मुलगा लिंबाजी माझ्याकडं आला. "तू सांग शिवानंद, तुझं ऐकंल ती."

गेलो. सगळं सांगितलं, आकडे भागून दाखवले.

"डेंगूत चढल्या की बरं म्हणायचास. आता वंगाळ? कुणी शिकवलं रं तुला असं उलटं बोलायला?"

मी पुष्कळ डोकं फोडलं. उपयोग शून्य. पहिल्याच दिवशी बोललो असतो तर ऐकलं असतं का, कुणास ठाऊक. पण बोललो न्हाय ना!

अडीच महिन्यांनी मानेला गाठ आली, तेव्हा लिंबाजीनं त्यांना उचलूनच सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन होत नाही. दुखणं कमी करायचं औषध दिलं.

परवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घरी जाऊन रक्त घेतलं. शीर सापडता सापडेना. काल रिपोर्ट द्यायला गेलो. मावशींचं तोंड आता उघडत न्हाय. खाटेवरून त्यांनी बोटं हलवून विचारलं, किती?

राजेश्वरीनं माझ्याकडं बघून मान खाली घातली.

"सहा लाख दहा हजार," मी म्हणालो.

मावशींचे डोळे हसले. मला खुणेनं जवळ बोलावलं, वाकायला लावलं, आणि हात उचलून माझ्या पाठीत रट्टा घातला. लागलाच न्हाय.