तळाचे वाल

ज्या हॉटेलाविरुद्ध तुम्ही स्वतः पत्रक लिहिलंय, त्याच हॉटेलचं जेवण मैत्रिणीने तुमच्या ओटीवर आणून मांडलं, तर तुम्ही जेवाल का?

मी जेवले. दोनदा वाढून घेतलं.

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली, त्यामुळे ‘अ’च्या आधी मला ‘निषेध’ वाचता येत होता. किहीमला समुद्रावर जायची पायवाट कुंपणात घेतली गेली, तेव्हा त्या हॉटेलाविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं. गावभर वाटलं आणि तरी दोन गठ्ठे उरले. त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात माझी शाळेपासूनची मैत्रीण काम करते. पत्रकाबद्दल ती मला एका शब्दाने बोलली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

यंदाच्या थंडीतल्या एका मंगळवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी ती घरी आली. बरोबर आमचा तिसरा दोस्त होता. तो मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडतो. त्याच्या हातात काळ्या पुठ्ठ्याचा मोठा खोका, वर रेशमी फीत. जेवण त्याच्या फोनवरून मागवलं होतं, म्हणजे ते कुणाकडे जातंय हे स्वयंपाकघरात कळू नये.

“जेवण आहे की कुणाचा साखरपुडा?” मी विचारलं.

“गप. आधी ऐक,” मैत्रीण म्हणाली.

त्या हॉटेलच्या मेनूवर तिचा पहिला पदार्थ लागला होता. पोपटी. शेतात मोठ्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून जाळात भाजतात तीच, पण ओंजळीत मावेल एवढ्या मडक्यात, थर लावलेली. सगळ्यात तळाला तिने वाल ठेवले होते, मीठ-ओवा लावून मुद्दाम करपवलेले. पण जेवणाऱ्यांकडून मडकी परत येत, तेव्हा तळाचे वाल तसेच असत. शेफचं म्हणणं, काढून टाक, लोकांना जळकं वाटतं. बुधवारी सकाळी तिला उत्तर द्यायचं होतं.

“ते वाल काढले तर त्यात माझं काहीच उरत नाय,” ती म्हणाली. “खाऊन खरं काय ते सांगा. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नका.”

खोका उघडला आणि माझं सगळं तत्त्व बाजूला राहिलं, इतकं मला त्यातलं एकेक बघावंसं वाटलं. पांढऱ्या कांद्याचं सार काचेच्या बाटलीत. कोळंबीच्या डबीवर गरम किती वेळ करायचं त्याची चिठ्ठी. ओल्या कापसावर ठेवलेली चार जांभळी फुलं. ती सारावर ठेवायची होती, आणि त्यासाठी एक चिमटाही दिला होता.

“हा चिमटा परत करायचा काय?” दोस्ताने विचारलं. “आमच्या आजीला भुवयांना चालेल.”

सोबत इंग्रजी कार्ड होतं. पोपटीपुढे लिहिलं होतं, शेतातल्या धुराची आठवण. कुणाची आठवण, ते लिहिलं नव्हतं.

मैत्रीण सार गरम करायला आत गेली. आम्ही दोघं बाहेर, समोर तीन मडकी, मडक्यांच्या तोंडात भांबुर्डीचा रानपाला कोंबलेला. तो वास आला आणि आम्ही काहीही न ठरवता तेच केलं, जे इथली माणसं लहानपणापासून करतात. मी उरलेली पत्रकं पसरली. त्याने पाला उपटून फेकला आणि तिन्ही मडकी एकामागून एक उपडी केली.

ती सार घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

“काय केलंत?”

“पोपटी ओतली,” दोस्त म्हणाला.

“ती ओतायची नव्हती रे. थर होते त्यात. चमच्याने वरून खाली खायचं. कार्डावर लिवलंय.”

“मग पोपटी कशाला म्हणता? पुडिंग म्हणा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागदावर अंडं, कोंबडी, बटाट्याची मऊ पेस्ट, सगळं कालवलं गेलं होतं. आणि तळाचे वाल आता सगळ्यात वर होते, काळे, मीठ चमकणारे. दोस्ताने आधी तेच उचलले. मीही. कडवट लागले, मग ओवा, मग मागून एक गोडवा आला. दुसऱ्या घासाला आमचे हात एकाच वालाशी भिडले.

ती जेवतच नव्हती. आमच्या बोटांकडे बघत होती.

“मीठ थोडं जास्त झालंय,” दोस्त म्हणाला. “पण हे काढलंस तर उरलेलं मी खाणार नाय.”

“तुम्ही इथलेच. तुम्हाला आवडणारच,” ती म्हणाली.

मी तावात आले. पोपटी आपली, राबणारी तू, कार्डाखाली मात्र नाव शेफचं. मी म्हटलं, लिहिते पत्रक.

“नको,” ती म्हणाली. “तू लिवतेस ते कायम कुणाच्या तरी विरुद्ध. मला कुणाच्या विरुद्ध जायचं नाय. मला वाल ठेवायचेत.”

पायवाटेचं पत्रक मी आजही मागे घेणार नाही, पण त्याच कुंपणाआड एक बाई करपवण्याची नेमकी वेळ शोधत उभी असते, हे मला ते लिहिताना माहीत नव्हतं.

बुधवारी तिने शेफला सांगितलं, वाल राहू देत, कार्डावर मात्र ‘मडकं ताटात उपडं करा’ असं लिहा. त्याने कार्ड बदललं. पण शेंगांचा हंगाम संपेपर्यंतचीच मुदत दिली. तोवर काळे वाल परत येत राहिले, तर ते जाणार. यंदा शेंगा उशिरा आल्यात, म्हणून ती मुदत अजून चालू आहे. हॉटेलचं नाव लिहू नकोस, या अटीवर तिने मला हे लिहू दिलं.

तेव्हा या थंडीत तुमच्या टेबलावर किंवा घरी असं लहान मडकं आलं, तर ते उपडं करा. काळं दिसेल त्याला जळकं म्हणून बाजूला सारू नका, एक वाल तरी चावून बघा. नाही आवडला, तर हॉटेलला फोन करून तसं सांगा. पण न चाखता परत पाठवू नका.