सळईवाल्याच्या हातचं

तुंबलेल्या मोऱ्या आणि संडास मोकळे करणं हा त्याचा धंदा. सगळी वस्ती त्याला सळईवाला म्हणायची, कारण खांद्यावर लवचीक सळईचं वेटोळं नाही असा तो कधी कुणाला दिसलाच नाही. लोक नाकाला रुमाल लावून त्याला दार उघडायचे आणि काम झालं की पैसे चिमटीत धरून लांबूनच द्यायचे. केसांचे चिकट गुंते, साबणाचा पिवळा गाळ, कधी फुगलेला उंदीर. आतून काय निघेल याचा नेम नसे. त्याला कशाची म्हणून किळस येत नव्हती, आणि याचा त्याला मनातून ताठा होता.

घरी दोन मुलं. दोघांत अंतर एवढं, की लोक धाकट्याला थोरलीचा भाचा समजत. थोरली पंधरा वर्षांची. धाकटा दोनचा, रडू लागला की चार घरं पलीकडे ऐकू जाई, म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणत. बायको कपड्यांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. त्यामुळे सकाळचा सगळा राडा सळईवाल्याच्या गळ्यात. भोंग्याला धुवायचं, दिवसभराचं रांधायचं, थोरलीचा डबा भरायचा आणि मग सळई उचलायची.

भोंग्याचा कारभार म्हणजे नुसती घाण. त्याचं नाक बारा महिने वाहायचं, आणि ते बापाच्या खांद्यावर सुकलं की गोगलगाय चालून गेल्यासारखं चमकायचं. चड्डीत झालेलं तो भिंतीला फासायचा आणि कौतुक करायला सगळ्यांना बोलवायचा. घास आवडला नाही की थू करून बापाच्या तळहातावर. बाप तो उष्टा, लाळेत भिजलेला घास मुकाट्यानं स्वतःच्या तोंडात टाकायचा. बायकोला तो सांगायचा, की हे पोर सोपं आहे. याची घाण समोर दिसते, फडकं मारलं की काम संपलं.

थोरलीचं तसं नव्हतं. तिचं दार कायम बंद. दाराखालून अत्तराच्या फवाऱ्याचा असा गोडमिट्ट वास यायचा, की मोरीत पोट न ढवळणाऱ्या त्या माणसाला तिथं मळमळायचं. आत पलंगाखाली बुरशी धरलेले पेले, घामट मोजे, कंगव्यातून ओढून टाकलेले केसांचे बोळे. आणि नाक मुरडायची ती बापाकडे बघून. त्यानं हात पुसलेला टॉवेल ती दोन बोटांनी बाजूला करायची. काही विचारलं तर "काही नाही," एवढंच. हीच पोर एके काळी त्याच्या बोटावरची साय चाटायची, हे आता शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं.

तेही त्यानं चालवून घेतलं असतं. पण पोर वाळत चालली होती. गालफडं बसली, मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकू लागलं. शाळेच्या मैदानावर ती भोवळ येऊन पडली, तेव्हा बाईंनी घरी निरोप धाडला. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, पोटात अन्नच जात नाही. सळईवाल्याला हे समजेना. डबा तर रोज लख्ख रिकामा यायचा. त्याचा जीव टांगणीला लागला. त्यानं डब्यात आणखी एक अंडं वाढवलं, बटाट्याच्या मोठ्या फोडी घातल्या, वर लोण्याचा गोळा ठेवू लागला.

आणि त्याच्याच न्हाणीघराची मोरी तुंबली.

बायकोला हसू आवरेना. तोही हसतच जाळी काढून बसला. सळई आत गेली, मऊ कशाला तरी अडली. त्यानं पीळ देऊन ओढली, तर आंबलेल्या भाताचा गठ्ठा बाहेर आला. त्यामागे अंड्यांचे करडे, फुगलेले बलक. मग बटाटे, एका बाजूला साल ठेवलेले. अशी साल ठेवायची सवय घरात त्याच्या एकट्याची. सगळ्यावर लोण्याचा थर गोठून बसला होता. तो उठला, भिंतीला हात टेकला आणि ओकला. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्याच कामावर.

तेवढ्यात भोंगा रांगोळी काढावी तसा त्या चिखलात बोटं फिरवू लागला आणि एक बटाटा तोंडाशी नेला. बापानं त्याचं मनगट धरलं आणि थोरलीला हाक मारली.

ती दारात उभी राहिली, बाही नाकाशी धरून. परकी माणसं उभी राहतात तशी.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज. शाळेतून आले की, जाळी उचलून."

"मैत्रिणींना द्यायचंस."

"त्याही घेत नाहीत. तुम्ही एकीच्या घरी संडास उघडायला गेला होतात ना, तेव्हापासून सगळ्यांना माहीत झालंय, डबा कुणाच्या हातचा ते."

मग त्यानं हातमोज्यांचं सांगितलं, साबणाचं, नखांच्या ब्रशचं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे, बाबा. तुमचे हात स्वच्छ असतात. पण घास तोंडाशी नेला की तेच दिसतं. मी काय करू?"

त्याला राग आला, आणि रागाच्या तळाशी किळस. भोंगा थुंकायचा तो समोर, हातावर. हिचं थुंकलेलं किती दिवस त्याच्या पायांखाली कुजत होतं आणि त्यावर उभा राहून तो आंघोळ करत होता. पोटच्या पोरीची किळस येऊ शकते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"उद्यापासून तू रांध," तो म्हणाला. "तुझं, माझं, याचं. मी शेगडीला हात लावणार नाही."

बायकोनं त्याला बाजूला घेऊन बजावलं, की भांडायचं तर माझ्याशी भांड, पोरीला उपाशी मारू नकोस.

सकाळी थोरलीनं अंडी फोडली, निम्मी कवचासकट. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. मीठ इतकं की जीभ आत ओढली जावी. भोंग्यानं एक घास घेतला आणि तिच्या बाहीवर परत केला. ओठ घट्ट मिटून तिनं बाही पुसली.

सळईवाल्यानं ताट ओढलं. कवच दाताखाली करकरलं. मोरीतला तो गठ्ठा डोळ्यांपुढे आला आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"तोंड वाकडं करताय," ती म्हणाली.

"करतोय. घाण झालंय. पण गिळतोय." तिच्याकडे बघत त्यानं तो घास खाली ढकलला. "आता तू. तुझ्याच हातचं आहे."

तिनं ताटातली कवचाची कपची वेचून बाजूला ठेवली. मग डोळे मिटून तिनं घास घेतला, चावला आणि औषध गिळावं तसा गिळला.

"शी," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.