एक लाख एकची लाखोली

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ऐकता ऐकता सांडाल अंगावर. फजिती माझीच आहे, आणि तीसुद्धा होणाऱ्या सासूसमोर!

आमच्या झाशीतल्याच नगरा भागातल्या मृणालचं स्थळ आलं होतं मला. पत्रिका जुळली होती, होकार तेवढा अडला होता. आणि मी? तिला एकदा पाहूनच तरंगत होतो! ऑफिसच्या खिडकीतून इलाइट चौराहा बघत बसायचो, साहेब हाका मारून थकायचे.

अशात तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, गणपतीला तांदळाची लाखोली वाहायची ठरवली. एक लाख दाणे, मोजून! झाशीतल्या मराठी बायका मिळून मोजणार. म्हटलं, छाप पाडायची हीच संधी.

"काकू, लाख नको, एक लाख एक करा. लाखाचे कुणीही तुकडे पाडतं. शकुनाचा एक वर ठेवला की मूळ संख्या होते! एक आणि ती स्वतः, बाकी कुणानेच भाग जात नाही. संसार कसा, अखंड!"

काकूंचे डोळेच भरून आले.

तपासलं होतं हो मी! दोनने, तीनने, पाचने, सातने भागून पाहिलं. मग नुसता आकड्याकडे बघत राहिलो. १००००१. दोन टोकांना दोन एक, एक ती, एक मी. मधली चार शून्यं म्हणजे आमची गुटगुटीत मुलं! संध्याकाळी किल्ल्यावर हात धरून सगळे चाललोय, वारा सुटलाय... आता यातून उठून कोण भागाकार करेल, सांगा!

काकूंनी गुरुजींसमोर संकल्प सोडला. हा आकडा तुटत नाही, अशी बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या भाभी आल्या, "भैयाजी, हमारी बिट्टी के ब्याह के लिए भी ऐसा ही नंबर बता दो!" माझे पाय काही जमिनीला लागेनात.

लाखोलीच्या दिवशी देवळात अकरा बायका जमल्या. काकू म्हणाल्या, "वाटायचे कसे हो? एकीला जास्त, एकीला कमी झाले तर रुसवेफुगवे व्हायचे."

"सारखे वाटताच येणार नाहीत, काकू! तेच तर सौंदर्य आहे," मी डोळे मिटून म्हणालो.

"अकरा जणी आहोत ना?" मृणाल हळूच म्हणाली. "प्रत्येकी नऊ हजार एक्याण्णव. एकही दाणा उरत नाही."

"म्हणजे तुटला?" काकूंचा चेहरा उतरला. "आणि त्यावर मला संकल्प सोडायला लावलात? अशा माणसाच्या हाती पोरगी द्यायची?"

गेलं स्थळ!

"कितीपर्यंत भागून पाहिलंत?" मृणालने विचारलं.

"सातापर्यंत."

"मग थांबलात का?"

"पुढे... तुमचा विचार आला."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मृणाल मात्र जरा विचारात पडली. मग आईला म्हणाली, "हो म्हण गं. माणूस खोटा नाही, मधेच थांबतो एवढंच. पुढचं मी करत जाईन."

शब्दाची पक्की आहे हो! लग्न झाल्यापासून मी सुरू केलेलं एकही वाक्य मला स्वतःला संपवता आलेलं नाही.